पंचांसमोर बंद केलेली पाणबुडी

रिसोडला माझी बदली झाली तेव्हा खोली बघायला मी ज्या घरी गेले, तिथल्या मालकांनी मला आधी आत घेतलंच नाही. दाराची साखळी तशीच ठेवून फटीतून त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं. मी दिलं. ते घेऊन त्यांनी दार लावलं आणि बराच वेळ काहीच झालं नाही. मला वाटलं, खोली राहिली बाजूला, आता डेपोत जाऊन नव्या ओळखपत्रासाठी अर्ज करावा लागणार. शेवटी दार उघडलं. उंच, वाळलेले, गळ्यापर्यंत शर्टाची सगळी बटणं लावलेले एक गृहस्थ समोर उभे होते. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"फोटोत भांग उजवीकडं हाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, मग आता पाडून दाखवू का? त्यावर ते हसले नाहीत, नुसते बाजूला झाले. मीही बसमध्ये कंडक्टर. रोज शंभर चेहरे वाचणारी. मांडीवरचं मिशा फुटलेलं पोर पाचवीत आहे म्हणून सांगणारे बाप मी पाहिले होते. पण माझ्यावर कुणी असा संशय घ्यावा याची मला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर रागच आला. खोली हवेशीर होती, डेपो जवळ होता, म्हणून राहिले.

सगळी गल्ली त्यांना बेलिफसाहेब म्हणायची. कोर्टात बेलिफ म्हणून त्यांची उभी नोकरी झाली होती. कोर्टाचा हुकूम घेऊन लोकांच्या घरी जायचं, दोन पंच उभे करायचे, सामान बघायचं, जप्ती करायची, पंचनामा लिहायचा. ज्या घरात ते गेले त्या घरातला प्रत्येक माणूस त्यांच्याशी खोटं बोलला होता. टीव्ही शेजाऱ्याचा, कपाट मामाचं, शिलाई मशीन बायकोच्या माहेरचं. गव्हाच्या कोठीत पितळी भांडी निघाली, आजारी म्हाताऱ्याच्या गादीखाली मिक्सर निघाला. अशा नोकरीतून निवृत्त झालेला माणूस दूधवाल्यावर, पेपरवाल्यावर, गॅसच्या टाकीवर आणि भाडेकरणीवर विश्वास ठेवेल, अशी अपेक्षाच चूक होती. त्यांचं वर्तमानपत्र मी वाचायला मागितलं की पानं ते मोजून देत आणि मोजून परत घेत. केनवडच्या बाजारातून भाजी आणली की वांगं फोडून बघितल्याशिवाय बहिणीच्या हातात देत नसत. बाहेरून कुणी हाक मारली, तर ओ द्यायच्या आधी खिडकीच्या कडेनं बघायचे, की हाक मारणाऱ्याचे हात कुठे आहेत.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घर सांभाळायला धाकटी विधवा बहीण होती, वच्छलाबाई. ठेंगणी, भरभर चालणारी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्यांचं सासर रिठदचं. नवरा गेल्यावर जावेनं डाळीच्या डब्याला कुलूप लावलं, तेव्हा त्या एक लोखंडी पेटी घेऊन भावाकडे निघून आल्या होत्या. भांडण नाही, रडणं नाही. "कुलूप पाह्यलं न् निघाली," एवढंच त्या सांगायच्या. दादा सगळ्या जगावर संशय घेतो, माझ्यावर घेत नाही, याचा त्यांना फार अभिमान होता. तो त्या लपवतही नसत.

पुढची खोली, जिथे बाकीच्यांच्या घरी सोफा असतो, तिथे साहेबांची जहाजं होती. भिंतभर काचेचं कपाट आणि त्यात प्लास्टिकच्या युद्धनौका, प्रवासी जहाजं, पाणबुड्या. जपान्यांची ती प्रचंड यामातो होती, टायटॅनिक होतं, आपल्या नौदलाची एक विमानवाहू नौका होती. हातभर लांबीची, राखाडी आणि तांबडी, दोऱ्याएवढ्या बारीक कठड्यांची. खाली टेबल, त्यावर चिमटे, कटर, पॉलिश पेपर, रंगाच्या चिमुकल्या बाटल्या आणि खिडक्या बंद ठेवल्यामुळे साठलेला गोंदाचा वास. समुद्रापासून इतक्या दूर, सोयाबीन आणि तुरीच्या मुलखात हे बघून पहिल्या दिवशी मी दारातच थांबले. मी विचारलं, तुम्ही नौदलात होता का? ते म्हणाले की त्यांनी समुद्रच पाहिलेला नाही.

"पाणी खारं असते म्हणतात," ते म्हणाले. "आपण काही चाखलं नाही. लोकाईचं ऐकलं."

टायटॅनिकबद्दलही त्यांचं तसंच. बर्फ कुठे असा लोखंड फाडतो का, हे प्रकरण कुणीतरी दाबलं आहे, असं ते मला गंभीरपणे सांगायचे.

मग जहाजंच का? हे मला शेजारच्या रऊफभाईंकडून कळलं. रऊफभाईंचं प्लास्टिकच्या सामानाचं दुकान, बादल्या, टब, पाण्याचे ड्रम. वाण्याच्या हिशेबाचा पण मोकळा माणूस, बेलिफसाहेब ज्यांच्या घरचा चहा पितात असा गावातला एकटाच. तर नोकरीत असताना साहेब एका डॉक्टरच्या बंगल्यावर जप्तीला गेले होते. तिथे काचेच्या पेटीत एक जहाज होतं. त्यांनी ते उचललं आणि त्यांना संशय आला, कारण दिसायच्या मानानं ते फार हलकं होतं. आत काय आहे, त्यांनी विचारलं. डॉक्टर हसून म्हणाला, आत काय असणार, पोकळ आहे. साहेबांनी आयुष्यात पेट्या उघडल्या, कपाटं उघडली, देव्हाऱ्यामागचे कोनाडे उघडले. पण या वस्तूला झाकणच नव्हतं. त्यांनी पंचनाम्यात 'खेळण्यातले जहाज' असं लिहिलं आणि घरी आले. पण डॉक्टरचं ते हसणं काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी रऊफभाईंच्या मुलाला फोनवरून तसंच एक जहाज मागवायला लावलं. पार्सल आलं. उघडलं तर आत जहाज नाहीच, प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले शेकडो तुकडे. साहेबांनी कुरियरवाल्याला जागचा हलू दिला नाही. जहाज मागवलं आणि फोडून पाठवलं, असा त्यांचा आरोप. रऊफभाईंना आणि समोरच्या शिंप्याला बोलावून त्यांनी रस्त्यावरच पंचनामा सुरू केला, तुकडे वर्तमानपत्रावर मांडले. रऊफभाईंचा मुलगा येऊन हे असंच येतं, आपल्याला जोडायचं असतं, असं सांगेपर्यंत त्या कुरियरवाल्याला घाम फुटला होता. तो अजूनही त्यांचं पार्सल लांबूनच ओट्यावर ठेवून पळतो.

जोडायला बसल्यावर त्यांना कळलं की डॉक्टर खरं बोलत होता. जहाज आतून खरंच पोकळ. याचं त्यांना समाधान व्हायला हवं होतं, पण उलट जहाज बनवणाऱ्या कंपनीचाच संशय आला. बाहेर तोफा, शिड्या, होड्या सगळं हुबेहूब आणि आत नुसती हवा, ही त्यांना सरळसरळ फसवणूक वाटली. म्हणून ते आतलं स्वतः करायला लागले. उरलेल्या चौकटींचे तुकडे, आइस्क्रीमच्या काड्या, जुन्या पेनांच्या रिफिली यांतून इंजिनं, बॉयलर, खोल्या, बिछाने. इंटरनेटवरचे नकाशे बघायचे आणि त्यांवरही विश्वास नसल्यानं दोन-तीन ठिकाणचे ताडून बघायचे. महिनोन् महिने आत भरायचे आणि मग वरचं डेक चिकटवून टाकायचे. त्यानंतर ते कुणालाही कधीच दिसणार नव्हतं.

इथेच त्यांची खरी तऱ्हा सुरू व्हायची. उद्या कुणी म्हणालं, आत काही नाही, तर? डॉक्टरवर त्यांनी घेतला तसा संशय त्यांच्यावर कुणी घेतला तर? म्हणून जहाज बंद करण्याआधी ते पंच बोलवायचे. रऊफभाई कायमचे. दुसरा पंच जो सापडेल तो, आणि मी राहायला आल्यापासून मी. टेबलावर दिवा लावायचा, आम्ही वाकून आत बघायचं, आणि जे दिसेल ते मोठ्यानं बोलायचं. सही ते घेत नसत. सही करणारा पंच बघत नाही, असा त्यांचा उभ्या नोकरीचा अनुभव. बोलायचं म्हटलं की बघावंच लागतं. पहिल्या वेळी मला हसू आवरेना. एका माजी बेलिफाच्या घरात, ड्यूटीवरून दमून आलेली मी, "बॉयलर आहे, शिडी आहे" असं म्हणतेय आणि ते शेजारी उभे राहून माझे डोळे खरंच तिकडे आहेत का हे तपासताहेत. चुकून काही राहिलं की, "आणि?" एवढंच विचारायचे.

गावाचा त्यांच्यावर संशय होताच. परदेशी पार्सलं, लढाऊ जहाजांची चित्रं, बंद खिडक्या आणि रसायनाचा वास. कुणीतरी कळवलं असावं. एका दुपारी साध्या कपड्यांतला पोलीस आला. साहेबांनी साखळी लावून त्याचंही ओळखपत्र आत घेतलं आणि त्याला उन्हात ताटकळत ठेवलं. मग आत बोलावून म्हणाले, बरं झालं आले, आज बंद करायचंच होतं. घरात बॉम्ब आहे का बघायला आलेला तो माणूस शेवटी रऊफभाईंच्या शेजारी उभा राहून युद्धनौकेच्या पोटातली भांडारखोली आणि भटारखाना मोठ्यानं सांगून, चहा पिऊन गेला. जाताना त्यानं विचारलं, हे पाण्यात चालतं का? सगळेच विचारायचे. साहेबांनी एकही जहाज कधी पाण्यात घातलं नाही. पाणी कुठे कुठे घुसतं याचा भरवसा नाही, म्हणून.

मला ते आवडत होते का? सांगणं अवघड आहे. त्या घरात राहून माणसाची नजर बिघडत होती. बसमध्ये मी झोपलेल्या माणसाला हलवून बघायला लागले, तो खरंच झोपला आहे की तिकीट चुकवतोय. माझा डबा कुणी उघडला का, हे झाकणाच्या बसण्यावरून बघायला लागले. एकदा सुट्टीवर सांगलीला गेले, तर आईनं दिलेल्या लाडवांकडे मी एवढं निरखून पाहिलं की ती रागावली. आणि तरी आजारपणात दवाखान्यात नेणारे तेच होते, औषधाच्या प्रत्येक गोळीची तारीख दोनदा वाचून मगच माझ्या तळहातावर ठेवणारे.

त्या वर्षी त्यांनी पाणबुडी घेतली. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन पाणबुडी, हातापेक्षा लांब. हिचं वैशिष्ट्य म्हणजे आतलं सगळं कंपनीनंच दिलेलं होतं, त्यामुळे साहेब कंपनीवर पहिल्यांदाच खूष होते, म्हणजे गप्प होते. पावसाळा संपला तरी ते आतच काम करत होते. शेपटीला लावायचे दोन पंखे मात्र प्लास्टिकचे होते, ते त्यांना पटले नाहीत. त्यांनी पितळेची जोडी वेगळी मागवली. नखाएवढा एकेक पंखा, पिवळाधमक. ती जोडी बाटलीच्या झाकणात टेबलावर ठेवलेली असायची आणि काम करता करता ते तिच्याकडे एखाद्या वेळेस नुसतेच बघायचे.

बंद करायच्या दिवशी रऊफभाई आणि मी वाकून बोललो. बिछाने आहेत. इंजिन आहे. टॉर्पेडोच्या नळ्या आहेत. संडास आहे. दारातून वच्छलाबाई म्हणाल्या, "येवढ्या माणसाईले येकच?" आणि साहेबसुद्धा ओठातल्या ओठात हसले. मग त्यांनी दोन्ही बाजू जुळवल्या, सांध्यावर पातळ गोंद फिरवला, रबर लावले. रंग देण्यात पुढचे काही दिवस गेले. पंखे लावायची वेळ आली तेव्हा झाकणात एकच पंखा होता.

घरात काय झालं असेल याची कल्पना करा. साहेबांनी टेबल भिंतीपासून ओढलं, फरशीवर आडवे होऊन बॅटरी मारली, कचऱ्याची बादली वर्तमानपत्रावर उलटी करून चिमट्यानं चाळली. मला पिशवी झटकायला सांगितली. मी तणतणत झटकली, वर तिकिटाच्या मशीनचं पाकीटही उलटं करून दाखवलं. रऊफभाईंनी खिसे बाहेर काढले आणि म्हणाले, साहेब, मी अख्खं दुकान प्लास्टिकचं घालून बसलोय, तुमचा एवढासा पंखा नेऊन काय करू? आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. त्यांचं ते रोजचंच होतं.

वच्छलाबाईंना त्यांनी काही झटकायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही चहा पीत होतो. त्या परातीत कणीक मळत होत्या. साहेब एकदम, अगदी सौम्य, कोर्टाच्या कामाला वापरायचे त्या आवाजात बोलले.

"वच्छला, खोली तूच झाडतं. ते पितळ हाय, पण चमकते सोन्यावानी. तुले सोनं वाटलं असंल. दे वापस, मी काही म्हणत नाही."

वच्छलाबाईंचे हात थांबले. त्यांनी परात बाजूला सारली, हात धुतले, कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि पुढच्या खोलीत जाऊन त्यांच्या टेबलावर, त्या झाकणाशेजारी ठेवून आल्या.  त्या दिवसापासून प्रत्येक डबा उघडताना त्या भावाला हाक मारायच्या. "तूर काढून राह्यली, पाहून घे." "साखर घेतो, चमचा पाहून घे." साहेब यायचे आणि खरंच बघायचे. मला ते बघवेना. पण त्याहून वाईट म्हणजे, वच्छलाबाईंच्या खोलीच्या कोपऱ्यातल्या त्या लोखंडी पेटीकडे माझी नजर जायला लागली. रऊफभाईंकडेही. पंखा कुठेतरी असणारच ना.

माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी साहेबांनी मला पाणबुडी धरायला लावली, त्यांना स्टँडची उंची बघायची होती. मी ती तिरकी केली आणि आत काहीतरी घरंगळलं. बारीक, टिचकीएवढा आवाज. मी पुन्हा उलटी केली. पुन्हा तोच.

"आत काहीतरी वाजतंय," मी म्हटलं. "पंखा आत पडलाय."

त्यांनी पाणबुडी कानाशी धरली. ऐकू आलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. तरी ते म्हणाले की हे शक्य नाही, दोन पंचांनी बघून बंद केलंय, आत पंखा नव्हता. मी म्हटलं, आम्ही संडास बघत होतो, पंखा कोण शोधत होतं? उघडून बघा. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं. उघडायची म्हणजे सांधा करवतायचा, रंग जाणार, डेक तडकणार. वर्षाचं काम आणि त्यांच्या हातची सगळ्यात देखणी वस्तू. आणि तो एवढा काटेकोर पंचनामा खोटा ठरणार. माझा संताप झाला. घरमालक आहेत हे विसरून मी त्यांना विचारलं, की तुमचा पंचनामा खरा ठरावा म्हणून बहिणीला चोर ठरवणार का?

"मी बहिणीचं नाही बोलून राह्यलो," ते म्हणाले. "मी पंख्याचं बोलून राह्यलो."

वच्छलाबाई केव्हा दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. त्यांनी भावाकडे पाहिलंच नाही, माझ्याशी बोलल्या. "बाई, सकाळची वाशीमची गाडी तुहीच ना? मी येतो उद्या. मले रिठदले उतरून देजो."

मी म्हटलं, वच्छलाबाई, तिथे जाऊन काय करणार? त्या म्हणाल्या, "तिथं कुलूप डब्याले होतं. इथं तं माह्यावरच लावलं."

साहेब खुर्चीत बसले. रिठदला काय आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. जावेच्या राज्यात, गोठ्याशेजारच्या खोलीत, मागून मिळेल तेवढ्यावर. आणि गावभर जाणार ते वेगळंच, की भावानंसुद्धा चोरीपायी हाकलली. पाणबुडी त्यांनी मांडीवर आडवी घेतली. मग मला म्हणाले, "रऊफभाईले बोलवा."

रऊफभाई दुकान मुलावर सोपवून आले. साहेबांनी बारीक करवत घेतली आणि शेपटीकडून सुरुवात केली. आम्ही दोघं समोर उभे. वच्छलाबाई ओसरीत, पाठ करून. करवतीचा आवाज उंदरासारखा येत होता. राखाडी भुगा त्यांच्या पांढऱ्या पायजम्यावर पडत होता. मध्येच डेक तडकलं, तोफेचा कठडा मोडून खाली पडला, त्यांनी उचलला नाही. हे पाहून रऊफभाई म्हणाले, "साहब, लाओ इधर, मैं करता." साहेबांनी मानेनंच नाही म्हटलं. शेवटी सांधा सुटला आणि पाणबुडी दोन भाग होऊन टेबलावर पडली.

आम्ही तिघंही वाकलो. इंजिनाचा एक ठोकळा गोंद सुटून खालच्या बाजूला घरंगळलेला होता. वाजत होतं ते तेच. साहेबांनी चिमट्यानं प्रत्येक बिछाना उचलला, नळ्यांत बॅटरी मारली, दोन्ही अर्धे भाग कागदावर पालथे करून ठोकले. पंखा नव्हता.

 मला वच्छलाबाईंकडे बघायची हिंमत झाली नाही, कारण मी काय बघणार होते हे मलाच माहीत नव्हतं. रऊफभाई दाढी खाजवत फरशीकडे बघत होते. तेवढ्यात ओसरीतून लोखंड घासत आल्याचा आवाज झाला. वच्छलाबाई त्यांची पेटी ओढत खोलीत आल्या. पेटी भावाच्या पायाशी ठेवली आणि गळ्यातल्या दोऱ्याची किल्ली काढून पेटीवर ठेवली.

"आता हे उघड," त्या म्हणाल्या. "पंच हायेतच."

साहेबांचा हात किल्लीकडे गेला. मी तो जाताना पाहिला. उभ्या नोकरीची सवय होती ती. किल्लीवर बोटं टेकली आणि तिथेच थांबली. मग त्यांनी किल्ली बोटानं हळूच वच्छलाबाईंच्या बाजूला सरकवली.

"नाही उघडत."

"काहून?"

"नाही उघडत म्हटलं ना."

"उघड ना दादा," वच्छलाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज फाटला होता. "नाही उघडलं तं या लोकाईच्या मनात राहीन. रऊफभाईच्या राहीन. या बाईच्या राहीन. मले उजळ तोंडानं फिरू दे."

रऊफभाई घाईनं म्हणाले, "नहीं बहन, हमारे मन में..." वच्छलाबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं. आणि त्या बरोबर होत्या. माझ्या मनात होतं. पेटी उघडावी असं मला अगदी आतून वाटत होतं, आणि ते वाटणं माझ्या तोंडावर दिसत असणार.

साहेब उठले. शर्टावरचा भुगा झटकला, ताठ उभे राहिले आणि आमच्याकडे तोंड केलं. कोर्टाच्या कामाला जाताना ते असेच उभे राहत असतील.

"पंचहो," ते म्हणाले, "पेटी समोर हाय. कुलूप लावेल हाय. किल्ली हाय. पेटी उघडली नाही. तिच्यात माह्या बहिणीचं सामान हाय. पंखा नाही."

रऊफभाई गोंधळले. इतक्या वर्षांत त्यांना हेच शिकवलेलं होतं. "देखे बिगर कैसे बोलना, साहब?"

"मी बोलून राह्यलो ना. मी बेलिफ हाय. म्हणा."

"फिर पंखा गया किधर?"

"मले माईत नाही," साहेब म्हणाले. "म्हणा."

रऊफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीकडे पाहिलं. हिरवा रंग, कडेला गंज, कुलूप लहानसं. मग आम्ही दोघं एकदमच म्हणालो, की पेटीत पंखा नाही.

वच्छलाबाईंनी पदरानं डोळे पुसले. किल्ली अजून पेटीवरच होती.

"पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या. "खिडकी उघडा न् म्हणा. गल्लीत आयकू गेलं पाह्यजे."

साहेबांनी खिडकीची कडी काढली. ती खिडकी मी त्या घरात कधी उघडलेली पाहिली नव्हती. त्यांना दोनदा हिसका द्यावा लागला. बाहेर ऊन होतं, समोरचा शिंपी मशीनवर वाकलेला होता. आम्ही तिघं खिडकीशी उभे राहिलो आणि जे पाहिलं नव्हतं ते मोठ्यानं बोललो. शिंप्यानं मान वर केली. साहेबांचा आवाज आमच्या दोघांपेक्षा मोठा होता, आणि आम्ही थांबलो तरी ते थांबले नव्हते.